‘केस मिटली’ म्हणजे नेमकं काय झालं? परदेशी जाण्याआधी तपासायचा एक शब्द

म्हापशाच्या कोर्टापासून हाकेच्या अंतरावर माझं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं टाइप करायची, पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरून द्यायचे, यावर माझं घर चालतं. मी वकील नाही. पण परदेशी निघालेल्या माणसाचे सगळे कागद एकत्र आधी माझ्यासमोर येतात, वकिलाकडे तो नंतर जातो. कधीकधी फार नंतर.

गेल्या पावसाळ्यात बार्देशातलाच एक पोरगा आला. कळंगुटच्या हॉटेलात चार वर्षं काढलेली, आता क्रूझवर वेटरची नोकरी लागलेली. आजोबा तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, मामाही तारवटी, त्यामुळे आगबोटीचं वेड घरातलंच. जहाजावरच्या लोकांना अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा लागतो. त्याचा फॉर्म भरताना मी प्रश्न मराठीत सांगत होतो. ‘कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का?’ तो ‘नाही’ म्हणाला. मी पुढच्या पानावर जाणार, तेवढ्यात सहज बोलून गेला, ‘‘काका, ती दारू पिऊन गाडी चालवल्याची केस धरायची नाही ना? ती मिटली. दंड भरलाय, पावती आहे घरी.’’

‘मिटली’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. साक्षीपुरावे होऊन कोर्टाने निर्दोष सोडलं, तरी केस मिटली. फिर्यादीशी समेट झाला, तरी मिटली. उच्च न्यायालयाने एफआयआरच रद्द केला, तरी मिटली. आणि पहिल्याच तारखेला उभं राहून ‘गुन्हा कबूल’ म्हटलं, दंड भरला आणि दुपारच्या आत घरी आलो, तरीही मिटलीच. पहिल्या तीन प्रकारांत माणूस दोषी ठरलेला नसतो. अगदी समेटालासुद्धा, तो कायद्याने तडजोडयोग्य गुन्ह्यात आणि कोर्टासमोर झाला असेल तर, निर्दोष सुटण्याचाच दर्जा आहे. चौथ्या प्रकारात मात्र तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘सिद्धदोष’ झालात. तुरुंगाचं तोंड पाहिलं नाही, दंड दहा हजारच होता, यानं त्यात काही फरक पडत नाही. दंड हीसुद्धा शिक्षाच आहे.

कबुलीची गंमत अशी की तिथून मागे फिरायला फारशी वाट नसते. गुन्हा कबूल केल्यावर अपील करता येतं ते फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर होती का, एवढ्यापुरतं. ‘मी तो गुन्हा केलाच नव्हता’ हे मग सांगता येत नाही. इंग्लंडसारखं ठराविक वर्षांनी जुनी शिक्षा ‘संपली’ असं मानणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. वेळ वाचवायला कबूल करून टाका, असा सल्ला कोर्टाच्या व्हरांड्यात दहा जण देतात. त्यातला एकही जण विचारत नाही की, बाबा, तुला पुढे कॅनडाला जायचं आहे का?

आधी आपला पासपोर्ट

लोकांची पहिली भीती असते ती पासपोर्ट मिळेल का याची. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला ते अडवायचं असेल तर कायदा हवा. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. त्याचं सहावं कलम इथे महत्त्वाचं.

शिक्षा झालेल्यांसाठी ते कलम वाटतं तेवढं कडक नाही. पासपोर्ट नाकारायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: गुन्हा नैतिक अधःपतनाचा, म्हणजे चोरी-फसवणुकीसारखा हवा, शिक्षा किमान दोन वर्षं कैदेची हवी, आणि ती अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतली हवी. दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड यात कुठेच बसत नाही.

खरी अडचण चालू केसवाल्यांची. फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट अडतो, गुन्हा लहान की मोठा हे तिथे पाहिलं जात नाही. चेक न वटल्याची केस घ्या. फोंड्यातले एक दुकानदार मला म्हणाले होते, ‘‘तो पैशाचा वाद आहे हो, त्यात गुन्हा कसला?’’ पण कलम १३८ ची केस दंडाधिकाऱ्यासमोर चालते, म्हणजे ती फौजदारीच. नुसता एफआयआर झाला आहे आणि तपास सुरू आहे, कोर्टाने दखल घेतलेली नाही, अशी स्थिती असेल तर मात्र तो खटला ‘प्रलंबित’ धरायचा नाही, असं परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं आहे. खिडकीवर हे सांगावं लागतं, आणि सांगताना कागद हातात असलेला बरा.

प्रलंबित खटल्यावर उपाय आहे. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे, जिथे केस चालू आहे त्या कोर्टाने परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. आता इथे नीट लक्ष द्या, कारण याच जागी लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात. आदेशात किती वर्षांचा पासपोर्ट द्यायचा हे कोर्टाने लिहिलं असेल तर तेवढ्या वर्षांचा मिळतो. काहीच मुदत लिहिली नसेल तर एकाच वर्षाचा. वर्षभराच्या पासपोर्टवर नोकरीचा व्हिसा कोण देणार? कितीतरी देशांना प्रवासाच्या वेळी पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणून वकिलाला अर्जाच्या शेवटी, जिथे ‘सबब विनंती की’ येतं तिथे, दहा वर्षांच्या पासपोर्टची मागणी स्पष्ट शब्दांत लिहायला सांगा. कोर्ट देईल न देईल, पण मागितल्याशिवाय ते आपणहून लिहीत नाही.

अर्जात खोटी माहिती दिली तर त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. म्हणजे लहानशी केस लपवण्याच्या नादात नवीन केस.

दाखला स्वच्छ, तरी उत्तर ‘होय’

परदेशी राहायला किंवा कामाला जाणाऱ्याला पीसीसी लागते, म्हणजे पोलिसांकडून काही आक्षेप नसल्याचा दाखला. आपल्याकडे तो पासपोर्ट कार्यालय देतं, गोव्यात पणजीचं. फी ५०० रुपये, आणि तुमच्या ठाण्यातून चौकशी. हा दाखला कोरा आला म्हणून फॉर्मवरचं उत्तरही ‘नाही’ असणार, हा गैरसमज मी रोज पाहतो. दाखला सांगतो की पोलिसांना त्यांच्या नोंदीत काय दिसलं. फॉर्म विचारतो की तुमच्या आयुष्यात काय घडलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि प्रत्येक देशाचा प्रश्नही वेगळा. अमेरिकेचा फॉर्म अटकेबद्दलही विचारतो, पुढे माफी मिळाली असली तरी. कॅनडाचा तर ‘कधी गुन्हा केला आहे का, अटक झाली का, आरोप ठेवला गेला का, शिक्षा झाली का’ असा चारी बाजूंनी घेरून विचारतो. म्हणजे कोर्टाने निर्दोष सोडलं असलं, तरी अटक झाली होती तर तिथे ‘होय’च लिहावं लागतं आणि सोबत निकालाची प्रत जोडावी लागते. ‘होय’ लिहिलं म्हणून व्हिसा आपोआप जात नाही. पण शेजाऱ्याशी घरभाटाच्या, म्हणजे घराच्या आवाराच्या, वाटेवरून भांडण झालं आणि पोलिसांच्या अहवालावरून कार्यकारी दंडाधिकाऱ्याने शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला, त्या चॅप्टर केसला ‘शिक्षा’ म्हणू नका. तिथे कोणी दोषी ठरलेलं नसतं. भीतीपोटी नसलेली शिक्षा लिहिणारेही मी पाहिलेत.

माप त्यांचं, कापड आपलं

आता त्या पोराच्या केसकडे वळू. मोटर वाहन कायद्याचं कलम १८५. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू म्हणजे गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गोव्यात शनिवारी रात्री पर्वरीच्या हमरस्त्यावर मशीन घेऊन पोलिस उभे असतात, त्यात फार नवल वाटण्यासारखं काही नाही. हा एकच गुन्हा घेऊन तीन देशांच्या दारात उभं राहून पाहा.

अमेरिकेत एका साध्या दारू-ड्रायव्हिंगमुळे कायद्याने दार बंद होत नाही, कारण तो नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरत नाहीत. पण गेल्या पाच वर्षांत अशी एक अटक असेल, तर वकिलात तुम्हाला नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवते. दारूचं व्यसन आहे का, हे तो तपासतो. म्हणजे तिकडे हा विषय तब्येतीचा.

ब्रिटनची मुख्य रेघ कैदेच्या लांबीवर आहे. १२ महिने किंवा अधिक कैद झाली असेल तर नकार जवळजवळ ठरलेला. दंडाच्या शिक्षेकडे अधिकारी इतर गोष्टींसोबत पाहतो. कधी झाली, पुन्हा झाली का, लपवली का.

कॅनडात मात्र आभाळ कोसळतं. तिथे तुम्हाला भारतात किती शिक्षा झाली हे पाहत नाहीत. तेच कृत्य कॅनडात केलं असतं तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, हे पाहतात. १८ डिसेंबर २०१८ पासून त्यांनी दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं केली, आणि कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा अधिक असलेला गुन्हा तिथे ‘गंभीर’ गटात जातो. म्हणजे आपल्याकडे दुपारच्या जेवणाआधी दंड भरून मिटलेली केस टोरांटोला पोचेपर्यंत गंभीर गुन्हा होते. दहा वर्षं उलटली की आपोआप सुधारलेला मानण्याची त्यांची सवलत या गटाला नाही. शिक्षा पूर्ण झाल्यावर, म्हणजे आपल्या बाबतीत दंड भरल्यावर, पाच वर्षांनी पुनर्वसनाचा, म्हणजे ‘मी सुधारलो आहे’ हे मान्य करून घेण्याचा, रीतसर अर्ज करावा लागतो. त्याआधी जायची निकड असेल तर तात्पुरत्या परवान्याची विनंती करता येते, पण तो देणं न देणं त्यांच्या मर्जीवर.

यात एक बारीक फट आहे. कॅनडाची मर्यादा ८० मिलिग्रॅमची आहे, आपली ३० ची. तुमचा आकडा ४५ होता, तर तो आपल्याकडे गुन्हा, पण त्यांच्या ८० च्या नियमात बसत नाही. तोल सुटलेल्या अवस्थेत गाडी चालवल्याचा वेगळा गुन्हा त्यांच्याकडे आहे, त्यामुळे सुटका नक्की असं नाही. पण वकिलाला युक्तिवादाला जागा मिळते. अडचण अशी की आपल्या निकालपत्रात बहुतेकदा ‘कलम १८५ खाली दोषी’ एवढीच ओळ असते. आकडा असतो तो मशीनमधून निघालेल्या बोटभर चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी आरोपपत्राच्या मागे टाचलेली असते.

गांजाचं याच्या अगदी उलट. किनाऱ्यावर गांजा ओढताना पकडलेल्याला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी, कायद्याच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कबूल केलं, दंड भरला, ‘मिटली’. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आहे, त्यामुळे प्रौढाने स्वतःपुरता ओढणं तिथे सहसा गुन्ह्याशी जुळतच नाही. अमेरिकेत मात्र अमली पदार्थाची कोणतीही शिक्षा म्हणजे मोठी धोंड. तिथे कायमचं राहायला जायचं असेल, तर ३० ग्रॅमपर्यंत गांजा स्वतःजवळ बाळगल्याच्या एकाच प्रकरणापुरती माफीची वाट आहे, बाकीच्यांना तीही नाही. दारूवाल्याने अमेरिका धरावी आणि गांजावाल्याने कॅनडा, असं मी एकदा गमतीत म्हटलं तर समोरचे वकीलसाहेब हसले नाहीत.

ऑस्ट्रेलियाचं माप बेरजेचं आहे: आयुष्यातल्या सगळ्या कैदेच्या शिक्षा मिळून १२ महिने भरले की ‘चारित्र्य परीक्षा’ नापास. दहा वर्षांत जिथे जिथे १२ महिने राहिलात, त्या प्रत्येक देशाचा पोलिस दाखला मागतात. आखातातून परत येणाऱ्यांनी तिकडचा दाखला तिकडे असतानाच काढून ठेवावा, इथे बसून तो मागवणं म्हणजे डोकेदुखी.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी वेगळं

गोव्यात हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘‘आम्हाला काय, आमचा पोर्तुगीज होतोय.’’ १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांची ती वाट आहे, आणि त्यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद नाही. पण त्या पासपोर्टवर थेट ब्रिटनला जाऊन कामाला लागण्याचे दिवस ३१ डिसेंबर २०२० ला संपले. आता तिथे नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकालाही कामाचा व्हिसा लागतो, म्हणजे वरचे प्रश्न त्यालाही आलेच.

याहून जास्त काळजीची गोष्ट पुढची. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. असा माणूस ब्रिटनमध्ये गुन्ह्यात सापडला आणि १२ महिने किंवा अधिक कैद झाली, तर २००७ च्या तिथल्या कायद्याने हद्दपारीची कारवाई होते. कुठे? ज्याचा पासपोर्ट आहे तिथे. पेडण्यात जन्मलेला, पोर्तुगीज भाषेचा एक शब्द न येणारा माणूस लिस्बनच्या विमानतळावर उतरवला जाऊ शकतो. आणि गोव्यात परत यायला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) आहे म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने दोन वर्षं किंवा अधिक कैद झाली, किंवा सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तर ते कार्ड रद्द होऊ शकतं. दोन्ही दरडींवर पाय ठेवलेल्या माणसाखालून नदी अशी रुंद होते.

‘नाही’ची किंमत

एजंट लोक सांगतात, ‘‘नाही टाक, त्यांना कुठे कळतंय?’’ कळायला आता फार कष्ट पडत नाहीत. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर कोणीही नाव टाकून केस शोधू शकतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसाची माहिती आपापसांत वाटून घेतात. एका ठिकाणी ‘होय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’ लिहिलं की विसंगती तिथेच उघडी पडते. खोटं पकडलं गेलं तर कॅनडाची बंदी पाच वर्षांची, ब्रिटनची दहा वर्षांपर्यंत, ऑस्ट्रेलियात तीन वर्षं, आणि अमेरिकेत जन्मभराची. त्या पोराचंच पाहा: खरं सांगून त्याला फक्त डॉक्टरकडे जायचं होतं. ‘नाही’ लिहिलं असतं आणि पकडला गेला असता, तर अमेरिकेच्या बंदरात लागणारी प्रत्येक आगबोट त्याच्यासाठी बंद.

ज्यांची केस अजून चालू आहे त्यांच्यासाठी दोनच शब्द. वैयक्तिक भांडणाची केस असेल आणि फिर्यादी तयार असेल, तर कबुलीआधी समेट किंवा पर्वरीच्या उच्च न्यायालयातून केस रद्द करून घेण्याचा विचार करा. आणि दोषी ठरणारच असाल, तर शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणाऱ्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मिळतो का हे वकिलाला निकालाआधी विचारा. त्यात शिक्षेमुळे येणारी अपात्रता आपल्या देशापुरती तरी टळते. परदेशी अधिकारी ते मानेलच असं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या प्रकरणांत, काही घोर गुन्हे सोडले तर, कायदाच अपात्रता पुसतो आणि नोंदी नष्ट करायला सांगतो. तिथे आईवडिलांनी उगाच घाबरू नये.

त्या पोराला मी पावती घेऊन येऊ नको म्हटलं, कोर्टातून सही-शिक्क्याची नक्कल काढून आण म्हटलं. दंडाच्या पावतीवर रक्कम असते. कलम, आरोप, निकाल हे सगळं नकलेवर असतं. किरकोळ केसचे कागद कोर्ट काही वर्षांनी नष्ट करतं, मग तुम्ही खरं बोलत आहात हे दाखवायलाही काही उरत नाही. त्यामुळे शिक्षा झाली त्याच आठवड्यात निकाल, आरोपपत्र आणि ती बोटभर चिठ्ठी, तिन्हींची सही-शिक्क्याची नक्कल काढलेली चांगली. याला काढायला नऊ दिवस लागले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, भर पावसात घेऊन आला.

फॉर्मवर ‘होय’ केल्यावर खुलाशासाठी एक चौकट उघडते. मी चार ओळी टाइप केल्या: तारीख, कलम, कोर्ट, दंड भरल्याचा दिवस. त्याला पाचवी ओळ हवी होती. ‘‘लिहा ना काका, मित्राचा वाढदिवस होता, एकच बीयर घेतली होती.’’ मी पिशवीतली नक्कल उलटून त्याच्यासमोर धरली. शेवटच्या पानावर चिठ्ठीची झेरॉक्स होती. त्यावर आकडा होता ११२.

पाचवी ओळ मी लिहिली नाही.